चौकाचा सिग्नल हाताने कसा तपासायचा आणि स्मार्ट यंत्रणेकडे काय मागायचं

चौकात नवा सिग्नल बसला, खांबावर कॅमेरे आले, तरी संध्याकाळी सहाला रांग होती तिथेच. मग सोसायटीच्या ग्रुपवर दोनच उपाय फिरतात: उड्डाणपूल बांधा, नाहीतर हिरव्याची वेळ वाढवा. पहिल्याला कोट्यवधी रुपये आणि वर्षं लागतात. दुसऱ्याने बऱ्याचदा रांग उलट लांबते. चौकाचा हिशोब मांडावा असं मात्र फारसं कोणी सुचवत नाही. त्याला चार माणसं, चार मोबाइल, ३० मीटरची टेप आणि शाळेतलं गणित एवढं पुरतं. महागडं सॉफ्टवेअरही मुळात हेच गणित करतं. ते एकदा हाताने करून पाहिलं की यंत्रणा कुठे फसते आणि तिच्याकडे नेमकं काय मागायचं, ते कळतं.

मोजणी

मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरा. शाळांच्या सुट्ट्या, गणपतीचे दिवस, पाऊस आणि जवळ मंगल कार्यालय असेल तर लग्नाची मोठी तिथी टाळा. सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, असे प्रत्येकी तीन तास. नोंद १५-१५ मिनिटांच्या तुकड्यांत ठेवायची, कारण तासाच्या सरासरीत गर्दीचा टोकाचा पाव तास बुडून जातो. सर्वांत भरलेल्या १५ मिनिटांचा आकडा चारने गुणा आणि पुढचा हिशोब त्यावर करा.

रस्त्यावर उभं राहून कागदावर रेघोट्या मारण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून चित्रीकरण केलेलं बरं. मोबाइल आडवा धरून घट्ट बांधा. स्टॉप लाइन, रांगेचं शेपूट आणि सिग्नलचा दिवा, तिन्ही एकाच चौकटीत यायला हवं. दिवा दिसत नसेल तर हिरवा कधी लागला ते नंतर सांगता येत नाही आणि तीन तासांची मेहनत वाया जाते. तीन तासांची फाइल बरीच मोठी होते, म्हणून मोबाइल आधी रिकामा करा आणि पॉवर बँक लावून ठेवा. नंतर चित्रण अर्ध्या वेगाने लावून मोजा. चार रस्त्यांच्या चौकात बारा हालचाली असतात: प्रत्येक बाजूने डावीकडे, सरळ आणि उजवीकडे. एका माणसाने एका वेळी एकच हालचाल मोजायची. दोन मोजायला घेतल्या की दुचाकी सुटतात.

इथे बहुतेक मोजण्या फसतात, त्या अशा. स्टॉप लाइन ओलांडून गेलेली वाहनं मोजली जातात आणि तीच ‘मागणी’ म्हणून धरली जाते. पण हिरवा संपल्यावरही रांग उरत असेल, तर तुम्ही मोजलंत ते सिग्नलने सोडलेलं पाणी, नदीचा पूर नाही. म्हणून १५ मिनिटांच्या सुरुवातीला आणि शेवटी रांगेत किती वाहनं उभी आहेत ते लिहा. सुटलेली वाहनं अधिक रांगेतली वाढ म्हणजे खरी मागणी. रांग चौकटीबाहेर जात असेल तर एका माणसाने रांगेच्या टोकाशी उभं राहावं आणि विजेच्या खांबांवरून अंतर सांगावं.

सगळी वाहनं एका मापात आणायला पीसीयू वापरतात, म्हणजे एका मोटारीइतकी जागा. सिग्नलजवळ दुचाकी ०.४, रिक्षा ०.५, मोटार १, छोटा टेम्पो १.१ आणि बस १.६ धरून चालतं. मोकळ्या रस्त्यासाठीच्या तक्त्यात दुचाकीला ०.७५ पर्यंत किंमत दिलेली असते. ती इथे लावू नका, कारण सिग्नलला दुचाक्या मोटारींच्या फटीत शिरून पुढे येतात. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात या एका चुकीने मागणी भलतीच फुगते.

रस्ता सोडतो किती

हिरवा लागल्यावर भरलेली रांग ज्या वेगाने सुटते तो सॅच्युरेशन फ्लो. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत ढोबळ आकडा आहे: साडेपाच मीटरपेक्षा रुंद मार्गिकेसाठी दर मीटर रुंदीला तासाला ५२५ पीसीयू. सुरुवातीला हा घ्या, पण मोजून खात्री करा. हिरवा लागल्यावर पहिले चार-पाच सेकंद सोडा, तिथून रांग संपेपर्यंतची वाहनं मोजा, सेकंदांनी भागा आणि ३६०० ने गुणा. अशी १० ते १५ आवर्तनं (एका हिरव्यापासून त्याच बाजूच्या पुढच्या हिरव्यापर्यंतची फेरी म्हणजे एक आवर्तन) घेऊन सरासरी काढा. मागणीला लावलेलाच पीसीयू इथेही लावायचा. शेवटी आपल्याला दोन्हींचं गुणोत्तर हवं आहे, त्यामुळे माप बदललं की गणित कोसळतं.

रुंदी मोजताना कडेची पाण्याची पन्हळ आणि दुभाजकाजवळची माती वगळा. वाहनं जिथून खरोखर चालतात तेवढीच रुंदी.

आकड्यांनिशी एक चौक

समजा, उत्तर-दक्षिण मोठा रस्ता आहे. प्रत्येक बाजूला ९ मीटर रुंदी. उत्तरेकडून तासाला १५०० पीसीयू येतात, त्यातले २४० उजवीकडे वळतात. दक्षिणेकडून १३५०, त्यातले २१० उजवीकडे. आडव्या रस्त्याला प्रत्येक बाजूला ६ मीटर, पूर्वेकडून ६०० आणि पश्चिमेकडून ५००.

आपल्याकडे सरसकट वापरली जाणारी पद्धत म्हणजे एकेक बाजू सोडणं, म्हणजे चार फेज, हिरव्याच्या चार पाळ्या. पोलिसांना हे सोपं पडतं, समोरासमोर वाहनं येत नाहीत. आता मागणीला सॅच्युरेशनने भागा. उत्तर १५०० भागिले ४७२५ (९ गुणिले ५२५) म्हणजे ०.३२, दक्षिण ०.२९, पूर्व ६०० भागिले ३१५० म्हणजे ०.१९, पश्चिम ०.१६. बेरीज सुमारे ०.९५. ब्रिटनमध्ये वेबस्टरने १९५८ साली मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे: फेज बदलताना वाया जाणारे सेकंद दीडपट करा, त्यात ५ मिळवा आणि १ मधून ही बेरीज वजा करून उरेल त्याने भागा. प्रत्येक फेजला ५ सेकंद वाया जातात असं धरलं तर चार फेजचे २०. उत्तर येतं ७०० सेकंदांच्या वर. बारा मिनिटांचं आवर्तन! याचा अर्थ एवढाच की या पद्धतीने हा चौक चालूच शकत नाही. मग १८० सेकंद ठेवा की २४०, रांग वाढतच जाणार.

आता तोच चौक तीन फेजमध्ये बसवा. पहिल्या फेजमध्ये उत्तर आणि दक्षिण दोन्ही एकदम, सरळ आणि डावीकडे जाणारी वाहनं. दुसऱ्यात दोन्हीकडची उजवी वळणं. तिसऱ्यात पूर्व-पश्चिम एकदम, तिथली उजवी वळणं थोडी आहेत म्हणून ती समोरच्या फटीतून निघतील. त्यासाठी मोठ्या रस्त्याच्या ९ मीटरांपैकी ३ मीटर उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळे आखून द्यावे लागतात. उरले ६.

सरळ जाणाऱ्यांचं गुणोत्तर १२६० भागिले ३१५०, म्हणजे ०.४०. उजव्या वळणांचं २४० भागिले १५७५, म्हणजे ०.१५. आडव्या रस्त्याचं ०.१९. बेरीज ०.७४. वाया जाणारा वेळ १५ सेकंद. आवर्तन येतं १०७ सेकंद, सोयीसाठी ११० धरू. १५ वजा जाता ९५ सेकंद हिरवा उरतो. तो गुणोत्तरांच्या प्रमाणात वाटला की सरळला ५१, उजव्या वळणांना १९, आडव्या रस्त्याला २५. पडताळा घ्या: ३१५० गुणिले ५१ भागिले ११० म्हणजे तासाला १४६०, मागणी १२६०. भार ८६ टक्के, ठीक आहे. ९० टक्क्यांच्या वर गेला की एखादी बस बंद पडली तरी पुढचा अर्धा तास रांग हटत नाही.

उजव्या वळणाची मार्गिका किती लांब लागेल, हे बहुतेक आराखड्यांत राहून जातं. तासाला साधारण ३३ आवर्तनं होतात, म्हणजे दर आवर्तनाला २४० भागिले ३३, सात-साडेसात पीसीयू. मोटारीमागे ६ मीटर धरले तर ४४ मीटर, त्याची दीडपट ६५ मीटर. पट्टा ३० मीटरचाच आखला तर वळणाऱ्यांचं शेपूट सरळ जाणाऱ्यांच्या मार्गिकेत येतं. मग पहिल्या फेजमध्ये हिरवा असूनही निम्मा रस्ता अडलेला राहतो.

पिवळा आणि सगळीकडे लाल

पिवळ्याचे सेकंद मनाने ठरवू नका. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. भान यायला १ सेकंद, अधिक वेग भागिले ब्रेकच्या मंदीची (दर सेकंदाला वेग ३ मीटरने घटतो) दुप्पट: ११.१ भागिले ६ म्हणजे १.९. एकूण जवळपास ३. पिवळ्यानंतर चारही बाजूंना लाल ठेवायचे सेकंद चौकाच्या रुंदीवर ठरतात. आधीच्या फेजचं शेवटचं वाहन धोक्याच्या जागेपलीकडे जायला १६ मीटर चालणार असेल, तर ताशी ३० किलोमीटरने २ सेकंद. रुंद चौकात हे २४ मीटर असतील तर ३ सेकंद द्या. इथे कंजुषी केली की सिग्नल बदलताना रोज कोणीतरी मध्ये अडकतं आणि नव्या हिरव्याचे पहिले सहा-सात सेकंद हॉर्न वाजवण्यात जातात.

चालणारी माणसं

आडव्या रस्त्याच्या फेजमध्ये पादचारी मोठा रस्ता ओलांडतात. १८ मीटर रस्ता आणि दीड मीटर दुभाजक मिळून १९.५ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर सव्वासोळा सेकंद, आणि पाऊल उचलायला ७. एकूण सव्वातेवीस. २५ सेकंदांत जेमतेम बसतं. पण आजोबा सेकंदाला ०.९ मीटर चालतात. त्यांना २९ सेकंद लागतील. म्हणून दुभाजकात निदान १.२ मीटर रुंद, रस्त्याच्याच पातळीची थांबायची जागा हवी. तिथे कुंड्या आणि लोखंडी कठडा असेल तर गणित कितीही बरोबर असलं तरी माणूस उडी मारूनच जाणार. झेब्रा ३ मीटरपेक्षा अरुंद नको आणि स्टॉप लाइन त्याच्या मीटरभर अलीकडे असावी.

‘फ्री लेफ्ट’ असलेल्या चौकात पादचाऱ्यांना एकही सेकंद सुरक्षित मिळत नाही. डाव्या वळणाला लाल दाखवून हिशोब पुन्हा करून पाहा. अनेकदा वाहनांचं नुकसान अगदी किरकोळ निघतं.

एक उभा टेम्पो

वरच्या उदाहरणात सरळ जाणाऱ्यांना ६ मीटर होते. स्टॉप लाइनच्या अलीकडे २० मीटरवर, दुकानासमोर, एक टेम्पो माल उतरवायला उभा राहिला. अडीच मीटर गेले, उरले साडेतीन. ५२५ गुणिले ३.५ म्हणजे १८३८. गुणोत्तर ०.४० वरून ०.६९ वर गेलं आणि तिन्हींची बेरीज १.०३ झाली. एकच्या वर गेलं की सूत्र उत्तरच देत नाही. एका टेम्पोने आख्खा चौक अशक्य केला, आणि कोणत्याही कॅमेऱ्याला, कोणत्याही एआयला यातून सेकंद काढता येत नाहीत. म्हणून स्टॉप लाइनपासून ५० मीटरपर्यंत काय काय उभं असतं याची यादी करा: रिक्षा स्टँड, वडापावची गाडी, दुचाकींची दुहेरी रांग, बसथांबा. बसथांबा चौक ओलांडल्यावर असावा. अलीकडे असला तर बस प्रवासी चढवेपर्यंत हिरवा निघून जातो आणि मागची मार्गिका तशीच उभी राहते.

आवर्तन लांबवून काय होतं

११० ऐवजी १८० सेकंद केले तर वाया जाणारा वेळ १३.६ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतो. पाच टक्के कमाई. किंमत अशी: सरळ जाणाऱ्यांना लाल ५९ सेकंदांऐवजी ९१ सेकंद. दर सेकंदाला ०.३५ पीसीयू येतात, म्हणजे रांग २१ वरून ३२ वर. दोन मार्गिकांत प्रत्येकी १६, लांबी ९६ मीटर. मागे ८० मीटरवर गल्लीचं तोंड असेल तर ते बंद होतं, आणि त्या गल्लीतून निघणारे आडवे घुसतात. पाच टक्के तिथेच परत गेले. १२० सेकंदांपुढे जायला खरंच सबळ कारण लागतं.

पुढचा चौक

दोन चौकांत ४०० मीटर अंतर आणि ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर वाहनांचा ताफा ४८ सेकंदांनी पोचतो. पुढच्या चौकात गल्लीतून आलेली थोडी वाहनं आधीच उभी असतात, ती हलायला सहा-आठ सेकंद द्या. म्हणजे पुढचा हिरवा साधारण ४० सेकंदांनी लावा. दोन्ही चौकांचं आवर्तन एकच, किंवा एकाचं दुसऱ्याच्या निम्मं असायला हवं, नाहीतर ही जुळणी दर फेरीला सरकत जाते. दोन्ही दिशांना हिरवी लाट सहज मिळायला अंतर अर्ध्या आवर्तनाइतकं असावं लागतं: ५५ सेकंद गुणिले ८.३, म्हणजे सुमारे ४६० मीटर. तसं नसेल तर सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी उलटी, असे दोन वेगळे आराखडे ठेवा. जुळवलेली लाट महिन्या-दोन महिन्यांत बिघडली तर आधी कंट्रोलरचं घड्याळ तपासा. जीपीएसवरून वेळ जुळवली जात नसेल तर घड्याळं सरकतात.

स्मार्ट यंत्रणेकडे काय मागायचं

वाहनं मोजून वेळ बदलणारे सिग्नल नवे नाहीत. सिडनीची स्कॅट्स आणि ब्रिटनची स्कूट १९७०च्या दशकातल्या. आपल्या सरमिसळ रहदारीसाठी सी-डॅक या सरकारी संस्थेने कोसिकॉस्ट तयार केली. या सगळ्यांची बुद्धी वाहनं टिपणाऱ्या डिटेक्टरइतकीच. रस्त्यात पुरलेली तारेची लूप असेल तर डांबर खरवडलं किंवा गॅसच्या पाइपसाठी खोदलं की ती तुटते. कॅमेरा असेल तर त्यापुढे वाढलेली फांदी, भिंगावरची धूळ, रात्रीचा हेडलाइटचा झोत आणि बसआड लपलेल्या दुचाक्या यांनी मोजणी घसरते. पावसाळ्याआधी भिंग पुसणं आणि फांद्या छाटणं हे देखभालीच्या करारात लिहिलेलं आहे का, ते विचारा.

दुसरा घोळ खास आपला. ठरावीक सेकंद एकही वाहन आलं नाही तर हिरवा संपवायचा, असा या यंत्रणांचा साधा नियम असतो. मोटारींच्या देशात तीन सेकंदांची फट सापडते. आपल्याकडे रांग संपल्यावरही एकेक दुचाकी झिरपत राहते, फट पडतच नाही, आणि प्रत्येक फेज कमाल मर्यादेला जाऊनच थांबते. कागदावर ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’, प्रत्यक्षात ठरावीक वेळेचा, तोही सगळ्यांत लांब. उपाय दोन: कमाल हिरवा तुम्ही काढलेल्या आकड्याच्या सव्वापटीवर बांधा, आणि फट मोजताना नुसतं वाहन आलं-गेलं न पाहता मार्गिकेचा किती भाग भरलेला आहे ते पाहायला लावा. सेकंद उलटे मोजणारा फलक आणि क्षणोक्षणी बदलणारा हिरवा यांचं जमत नाही, हेही ध्यानात ठेवा. फलक १२ वरून एकदम ३ वर आला की लोक त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, डिटेक्टर बंद पडला की यंत्रणा साठवलेल्या जुन्या आराखड्यावर येते. तो बसवण्याच्या दिवशी भरलेला असू शकतो. तुमच्या हाताच्या मोजणीचा खरा उपयोग इथे आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र यांचे चार आराखडे त्या जागी भरून घ्या.

अर्ज, आणि नंतरची तपासणी

सिग्नलची वेळ बहुतेक शहरांत वाहतूक पोलीस ठरवतात, पट्टे, दुभाजक आणि खांब महापालिकेकडे असतात. म्हणून अर्ज दोघांना एकाच दिवशी द्या आणि दोन्ही पोचपावत्या जपा. अर्जात चौकाचा नकाशा, बारा हालचालींचा तक्ता, आजचे सेकंद आणि सुचवलेले सेकंद, एवढं दोन पानांत बसवा. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर चार गोष्टी मागा: सध्याचा फेज आराखडा, शेवटच्या मोजणीची तारीख, गेल्या तीन महिन्यांत डिटेक्टर किती तास बंद होते, आणि पर्यायी आराखड्यातले सेकंद. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. वळण बंद करायचं असेल तर ते आधी प्रायोगिक तत्त्वावर मागा, त्याला परवानगी लवकर मिळते.

बदल झाल्यावर पहिले दोन आठवडे मोजू नका, लोक वाटा बदलत असतात. नंतर त्याच वारी, त्याच वेळी तीन आकडे घ्या: हिरवा संपताना उरलेली रांग, एका वाहनाला किती हिरवे पाहावे लागतात, आणि पादचारी किती सेकंद थांबतो. मोबाइल खिशात ठेवून दोन्ही बाजूंनी दहा-दहा फेऱ्या मारून प्रवासाची वेळ काढा, एका फेरीवर विसंबू नका. पुढच्या-मागच्या चौकातही हेच मोजा. आपल्या चौकातली रांग तिकडे सरकली असेल तर आवर्तन आणि ४० सेकंदांची जुळणी पुन्हा बसवावी लागेल. आणि तिन्ही चौकांत प्रत्येकाच्या गुणोत्तरांची बेरीज एकच्या वर जात असेल तर सेकंदांचा खेळ संपला. मग प्रश्न वाहनं कमी करण्याचा उरतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने शहरात शिरण्याचं शुल्क लावून पाहिलं, तेव्हा हद्दीवरची रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली. वरच्या चार फेजच्या चौकात २० टक्के मागणी कमी करून पाहा: बेरीज ०.९५ वरून ०.७६ वर येते आणि आवर्तन ७०० सेकंदांवरून १५० च्या आत.